दोघांचा वकील

कुळगावातल्या माणसांचा हिशेब साधा होता. वकील एकतर आपला असतो, नाहीतर समोरच्याचा. श्यामकांत टिपणीस मात्र तिसऱ्याच तऱ्हेचे निघाले. ते दोघांचे असत. भावाभावांत परसाच्या कुंपणावरून तंटा होवो, की शेजाऱ्यांत विहिरीच्या पाळीवरून बोलाचाली, दोन्ही बाजूंची माणसं त्यांच्याच ओटीवर येऊन बसत. टिपणीस आधी एकाचं ऐकत, मग दुसऱ्याचं. मध्येच त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई चहा आणून ठेवत. चहा संपेपर्यंत निम्मा तंटा विरघळलेला असे. उरलेला निम्मा टिपणीस कागदावर उतरवत आणि दोघांच्या सह्या घेत.

“माझ्या हातून कोर्टात गेलेल्या दाव्यांपेक्षा न गेलेले दावे जास्त आहेत,” असं ते कल्याणच्या बाररूममध्ये मोठ्या अभिमानाने सांगत. बाकीचे वकील हसत. विष्णुपंत दामले तेवढे हसत नसत. टिपणीस सनद मिळाल्यावर त्यांच्याच हाताखाली उमेदवारी करून शिकले होते.

“श्यामकांता,” पंत म्हणत, “गावचा पाटील हो, पंच हो, काय वाटेल ते हो. पण वकील आहेस तर एकाचा हो.”

टिपणीस मान डोलावत आणि विसरून जात. पंत जुन्या वळणाचे, त्यांना जिकडेतिकडे वैरच दिसतं, अशी त्यांची समजूत होती.

दौलतराव शिंदे आणि तोलाराम हे दोघे त्यांच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा तर वैराचा वासही नव्हता. बावन्न सालची गोष्ट. दौलतराव मूळचे कऱ्हाडकडचे, अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. तोलाराम फाळणीनंतर बोटीने कराचीहून आला, आणि लष्कराच्या जुन्या बराकींत निर्वासितांची वस्ती झाली तेव्हा त्याला तिथे, म्हणजे आताच्या उल्हासनगरात, दोन खोल्या मिळाल्या. सुरुवातीला तो कारखान्याच्या फाटकाशी पापड विकायला उभा राहायचा. दौलतराव पापड घ्यायचे, आणि घेता घेता गप्पा व्हायच्या. तोलारामच्या बापाची सिंधमध्ये पिठाची गिरणी होती. दौलतरावांना यंत्र म्हटलं की राहवत नसे. बोलता बोलता ठरलं, की तोलारामच्या पुढच्या खोलीत गिरणी टाकायची. यंत्र दौलतरावांचं, जागा तोलारामची. दिवसभर तोलारामने बसायचं, आणि दौलतरावांनी पाळी सुटली की येऊन यंत्राचं दुखलंखुपलं बघायचं.

“कागद तर करावा लागेल,” दौलतराव म्हणाले. “पण दोघांना दोन वकील लागतात म्हणे.”

“भांडण कुठे आहे? मग दोन वकील कशाला?” टिपणीस म्हणाले.

“मग तुम्ही कोणाचे?”

“दोघांचा,” टिपणीस म्हणाले, आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश झाले.

तोलारामने हात जोडले. “साईं, आप बडे भाई. दोघांना सांभाळून घ्या.”

भागीदारीचा कागद झाला. गिरणी सुरू झाली. जुनं, कुणीतरी मोडीत काढलेलं ऑईल इंजिन दौलतरावांनी हातांनी जुळवलं होतं. ते टुकटुक करू लागलं की बराकीची कौलं थरथरायची. तोलारामची म्हातारी आई आतल्या खोलीत बसून सिंधीत काहीबाही पुटपुटायची. पण सुनेच्या हाताला जात्यापासून सुटका मिळाली म्हणून तीही खूश होती. चार वर्षं सगळं असं सुरळीत चाललं. सणाला दौलतरावांच्या घरून पुरणपोळ्या जायच्या आणि तोलारामकडून मिठाई यायची. दोन्हींतला थोडा थोडा वाटा टिपणिसांच्या घरीही पोचायचा.

छप्पन्न साली, होळीच्या आसपास, तोलाराम एकटाच कुळगावला आला. टिपणीस कोर्टातून येऊन नुकतेच पाय धूत होते.

“आज शिंदे नाहीत का बरोबर?”

“नाही साईं. मी अकेलाच आलो. बात तशी आहे.”

बात अशी होती. बराकीतल्या खोल्या आता निर्वासितांच्या नावे कायमच्या होणार होत्या. सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेच्या बदल्यात सरकार त्या देणार, अशी हवा होती. तोलारामचा अर्ज गेलेला होता. पण कुणीतरी त्याच्या कानात घातलं होतं, की जागेत निर्वासित नसलेल्या माणसाचा धंदा असला तर अर्ज अडतो. चौकशीला माणूस येतो, विचारतो, आणि नाव कापलं जातं. सांगणारा कोण, त्याला कुणी सांगितलं, हे तोलारामलाही धड ठाऊक नव्हतं.

“साईं, एकदा घर गेलं. दुसऱ्यांदा नाही जाऊ देणार,” तो म्हणाला. “गिरणी बंद करावी लागेल. यंत्र दौलतरावचं, ते तो घेऊन जाईल. मला काही नको. पण जागा खाली पाहिजे.”

“शिंद्यांना सांगितलंत?”

“सांगणार. मीच सांगणार. पण तोंड उघडत नाही. चार साल आम्ही एका थाळीत जेवलो. चेटीचंड होऊ द्या. आमचा सण आहे, घरात खुशी असते, त्या दिवशी त्याला घरी जेवायला बोलावतो आणि सांगतो. तोपर्यंत ही बात तुमच्या-माझ्यात. कसम घ्या, साईं.”

टिपणिसांनी शपथ काही घेतली नाही, पण “माझ्याकडून बाहेर जाणार नाही,” असा शब्द दिला. तो देताना त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने पोटात ठेवायचं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं होतं. तोलाराम पक्षकार होता. त्याने विश्वासाने सांगितलं होतं. तोलाराम वाटेला लागला आणि टिपणीस कंदिलाची काच पुसत बसले, तेव्हा कुठे त्यांच्या मनात आलं, की शिंदेही पक्षकारच आहेत. क्षणभर त्यांना चमत्कारिक वाटलं. मग, चेटीचंडाला असे किती दिवस राहिलेत, तोलाराम स्वतःच सांगणार आहे, असं म्हणून त्यांनी काच बसवली.

आठवडा उलटला नसेल, तोच दौलतराव आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांचा घड. चेहरा असा, की काहीतरी ठरवून आलेत आणि फक्त कुणीतरी ‘हो’ म्हणायची वाट बघताहेत.

“वकीलसाहेब, सल्ला पाहिजे,” ते म्हणाले. “पुण्याला एक इंजिन बघून आलोय. आपल्या आत्ताच्याच्या दुप्पट ताकद. दोन जाती चालतील, एक गव्हाचं, एक बाजरीचं. पण मग ते पाळी सांभाळून जमायचं नाही. नोकरी सोडून पूर्ण वेळ गिरणीवर बसावं म्हणतो. वेणू घाबरतीय. कायमची नोकरी कोण सोडतं, म्हणते. मी म्हटलं, वकीलसाहेबांना विचारतो. आपला कागद त्यांनीच केलाय. जागा पक्की आहे ना, तेवढं सांगा, बास.”

समोर माणूस सरळ विचारत होता, आणि त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर टिपणिसांना ठाऊक होतं. जागा पक्की नाही, नोकरी सोडू नका, हे अगदी जिभेवर आलेलं उत्तर. पण ते उत्तर त्यांचं नव्हतंच. ते तोलारामचं होतं, आणि तोलारामने ते त्यांच्याकडे ठेवायला दिलं होतं. बोलावं तर एकाचा विश्वासघात, न बोलावं तर दुसऱ्याचा. आणि दोघांचा वकील मीच! कोर्टात समोरच्या वकिलाचा पेच सोडवायला त्यांना क्षण लागत नसे. इथे समोरचा वकीलही तेच होते.

“घाई कशाला करता?” ते शेवटी म्हणाले.

“घाई नाही, पण इंजिनवाला थांबायचा नाही.”

“तरीपण...” टिपणीस ओटीच्या खांबाकडे बघत राहिले. चेटीचंड म्हटलं तर शिंदे विचारतील, चेटीचंडच का? मराठी माणसाला तो दिवस ठाऊकही नसतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीच तर येतो तो. “पाडवा होऊ द्या,” ते म्हणाले. “पाडवा होऊ द्या, मग बघा.”

दौलतरावांचा चेहरा उजळला. “बरोबर बोललात,” ते म्हणाले, आणि वाकून नमस्कार करून निघून गेले.

आपण गुपितही राखलं आणि माणसालाही थांबवलं, असं त्या दिवशी टिपणिसांना वाटलं. रात्री जेवण नेहमीसारखं गेलं.

पाडव्याच्या सकाळी दारात गुढी उभारून होते ना होते, तोच दौलतरावांचा भाचा चंदू सायकलवरून आला. “मामाने बोलावलंय. गिरणीवर पूजा आहे. वकीलसाहेबांनी यायलाच पाहिजे.”

“कसली पूजा?”

“नवीन इंजिनाची!” म्हणून तो सायकल वळवून गेलाही.

टिपणीस उल्हासनगरला पोचले तेव्हा बराकीसमोर माणसं जमली होती. पुढच्या खोलीतली जमीन खणून सिमेंटचा नवा चौथरा केलेला, आणि त्यावर हिरव्या रंगाचं इंजिन, झेंडूच्या माळा घातलेलं. दौलतरावांच्या पत्नी वेणूबाई हळदकुंकवाचं तबक घेऊन उभ्या होत्या. दौलतराव कारखान्यातून आदल्या दिवशी कायमचे मोकळे झाले होते. त्यांनी धावत येऊन टिपणिसांचा हात धरला.

“तुम्ही म्हणालात पाडवा, म्हटलं पाडवाच. मुहूर्त चुकवला नाही.”

टिपणीस जिथल्या तिथे थिजले. मुहूर्त? मी मुहूर्त कधी सांगितला? त्यांनी तोलारामला शोधलं. तो गर्दीच्या पाठीमागे, आतल्या खोलीच्या दाराला टेकून उभा होता. नातेवाइकाकडे लग्नाला म्हणून तो सहकुटुंब गावाला गेला होता आणि त्याच दिवशी पहाटे परतला होता. पाठीमागे दौलतरावांनी त्याला चकित करायचं म्हणून चौथरा बांधून घेतला होता. तोलारामचा चेहरा पांढरा पडला होता.

“दौलतराव,” तो म्हणाला, “ये क्या किया?”

“अरे भाऊ, दोन जाती! बघ तर खरं!”

“नोकरी?”

“सोडली. वकीलसाहेबांना विचारूनच सोडली.”

तोलारामने टिपणिसांकडे पाहिलं. सगळी माणसं पाहू लागली. “साईं,” तो हळूच म्हणाला, “तुम्हाला तर मी सगळं सांगितलं होतं ना?”

दौलतरावांच्या हातातला नारळ तसाच राहिला. “काय सांगितलं होतं?”

तिथे, त्या माळा घातलेल्या इंजिनापुढे, तोलारामला ते सांगावं लागलं. एक दिवस आधी, जेवणाशिवाय, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत. सांगता सांगता त्याला रडू फुटलं. सगळं ऐकून झाल्यावर ते तोलारामवर रागावले नाहीत, ते टिपणिसांकडे वळले.

“मी तुमच्या ओटीवर आलो, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?”

“होतं,” टिपणीस म्हणाले.

“आणि तुम्ही मला पाडवा सांगितलात?”

“अहो, त्याचा अर्थ तसा नव्हता. थांबा, असं मी...”

“थांबा म्हणायला ‘थांबा’ असा शब्द आहे की, वकीलसाहेब.”

टिपणीस तोलारामकडे वळले, तर तो नजर चुकवत होता. त्यालाही वाटत होतं, की सगळं माहीत असलेल्या वकिलाने हे थोपवायला हवं होतं. कसं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. म्हणजे, ज्याचं गुपित राखलं तोही नाराज, आणि ज्याच्यापासून राखलं तोही.

घरी येऊन त्यांनी कुमुदिनीबाईंना विचारलं, “शिंदे त्या दिवशी आले होते, तेव्हा तू इथेच होतीस ना?”

“होते की. केळी आणली होती त्यांनी.”

“मी काय म्हणालो त्यांना, आठवतं?”

“पाडव्याला करा म्हणालात.”

“पाडव्याला करा? पाडवा होऊ द्या, म्हणालो मी!”

“तेच ते,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “मला वाटलं, पाडव्याचा मुहूर्त सांगताय. साडेतीन मुहूर्तांतला एक. कुणालाही तसंच वाटेल.”

टिपणीस झोपाळ्यावर बसून राहिले. शब्द मी बोललो, अर्थही माझ्या मनात होता, मग तो दुसऱ्याच्या मनात जाईपर्यंत वाटेत बदलला कुठे? आणि बदलला तर त्याला जबाबदार कोण?

दौलतरावांनी ठाण्याला जिल्हा न्यायाधीशांकडे तक्रार अर्ज केला. टिपणीस वकिलांनी माझ्या भागीदाराचं ऐकून मला अंधारात ठेवलं, त्यांची सनद काढून घ्यावी. नोटीस आली तेव्हा बाररूममध्ये कुजबुज सुरू झाली. गुरुदत्त सबनीस नावाचा तरुण वकील, हुशार आणि चटपटीत, आपणहून त्यांच्याजवळ येऊन बसला.

“घाबरू नका,” तो म्हणाला. “वकीलपत्र होतं का त्या दिवसाचं? नाही. फी घेतली? नाही. लेखी सल्ला? नाही. मग सल्ला झालाच नाही. ओळखीचा माणूस आला, केळी दिली, सणासुदीच्या गप्पा झाल्या. तुम्ही एवढंच लिहायचं, जास्त एक अक्षर नाही. मी मसुदा करून देतो.”

त्याने खरंच मसुदा करून दिला. टिपणिसांनी तो वाचला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी सगळं मिळून खोटं होतं. हे कसं होतं, ते त्यांना कळेना. तो मसुदा खिशात घालून ते विष्णुपंतांच्या घरी गेले. पंत आता कोर्टात क्वचितच येत. गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

टिपणिसांनी सगळं सांगितलं.

“माझी चूक कुठे झाली, पंत? मी तोलारामचं गुपित फोडायला हवं होतं?”

“छे! मुळीच नाही.”

“मग शिंद्यांना गप्प राहून जाऊ द्यायला हवं होतं?”

“तेही नाही.”

“मग करायचं काय होतं?”

“सांगायचं होतं, की बाबा, या बाबतीत मी तुला सल्ला देऊ शकत नाही, दुसऱ्या वकिलाकडे जा. उद्याच जा. आणि तोलारामलाही तेच.”

टिपणिसांनी जरा विचार केला. “पण पंत, एवढं म्हटलं असतं तरी शिंद्यांना कळलंच असतं. चार वर्षं मी दोघांचं बघतोय, आणि आज अचानक दुसरीकडे जा म्हणतोय, म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. मग गुपित फुटल्यासारखंच झालं नसतं?”

पंतांचा तेलाचा हात थांबला. “हो,” ते म्हणाले. “थोडंफार फुटलंच असतं.”

“मग?”

“मग काही नाही. त्या वेळेपर्यंत बिनचूक असं काही उरलंच नव्हतं. त्यातल्या त्यात कमी नुकसानीचं जे होतं ते तू करायला हवं होतंस. बिनचूक वाट चार वर्षांपूर्वी होती, तो कागद करायला बसलास तेव्हा. एकाचा वकील व्हायचं, आणि दुसऱ्याला म्हणायचं, तुझा तू आण. तेव्हा त्यांना राग आला असता, बस्स.”

“त्यांच्यात भांडण नव्हतं हो, पंत.”

“नसतंच तेव्हा. भांडण असताना कोण एकत्र येतो?”

गुरुदत्तचा मसुदा पंतांनी वाचला आणि परत दिला. “मुलगा तल्लख आहे,” एवढंच ते म्हणाले. तो द्यावा की देऊ नये, हे त्यांनी सांगितलं नाही. टिपणिसांनीही विचारलं नाही.

आता खरं लिहायचं ठरवलं तरी नवा पेच होता. काय माहीत होतं हे लिहायचं तर तोलारामने काय सांगितलं ते लिहावं लागणार. तोलारामने पूजेच्या दिवशी चारचौघांत सांगून टाकलं होतं हे खरं, पण वकिलाने ते कागदावर घालायला पक्षकाराची परवानगी लागते की नाही? टिपणिसांनी दोन पुस्तकं उघडली. एकात एक अर्थ निघाला, दुसऱ्यात दुसरा. शेवटी ते उठून उल्हासनगरला गेले.

गिरणी बंद होती. इंजिन दौलतरावांनी नेलं होतं. खोलीच्या मधोमध सिमेंटचा चौथरा तेवढा राहिला होता, आणि त्यावर तोलारामच्या आईने पापड वाळत घातले होते.

“लिहा साईं,” तोलाराम म्हणाला. “मी काय चोरी केली? लिहा सगळं. पण एक मला सांगा. तुम्ही दौलतरावला पहिलेच बोलला असता, तर आज ठाण्याला तुमच्या नावाचा अर्ज मी केला असता की नाही?”

“केला असता,” टिपणीस म्हणाले.

“मग?” तोलाराम म्हणाला. त्यालाही खरंच उत्तर हवं होतं.

त्यांनी स्वतःच्या हाताने जबाब लिहिला. तोलाराम कधी आला, काय म्हणाला, आपण काय शब्द दिला, शिंद्यांनी काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, आणि त्याचा अर्थ त्यांनी वेगळा घेतला तो आपल्या बोलण्यामुळेच घेतला. गुरुदत्तने तो वाचून कपाळावर हात मारला. “हे देऊ नका. हा जबाब नाही, हा तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे.”

“असेल,” टिपणीस म्हणाले. त्यांना त्यात शौर्य वगैरे काही वाटत नव्हतं. दुसरं काही लिहायला घेतलं की हात पुढे सरकत नव्हता, एवढंच.

ठाण्याला चौकशी झाली तेव्हा दौलतराव वेणूबाईंना घेऊन आले होते. न्यायाधीशांनी जबाब वाचला, चष्मा काढला, आणि विचारलं, “शिंदे तुमच्याकडे आले, त्या दिवशी तुम्ही कोणाचे वकील होता?”

आयुष्यभर ज्या प्रश्नाचं उत्तर ते हसत देत आले होते, तोच हा प्रश्न. टिपणीस उभे राहिले. “साहेब, हे मलाच नीट सांगता येत नाही,” ते म्हणाले. “दोघांचा होतो असं मी समजत होतो. खरं पाहता, त्या दिवशी मी एकाचाही नव्हतो.”

दौलतरावांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. काय वाटलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावरून टिपणिसांना ओळखता आलं नाही.

निकाल काही दिवसांनी लागला. हेतू वाईट नव्हता, काही लपवलं नाही, म्हणून सनद राहिली. परंतु परस्परविरोधी हित असलेल्या दोन पक्षकारांचं काम एकाच वकिलाने अंगावर घेणं आणि विचारलेल्या प्रश्नाला संदिग्ध उत्तर देणं गैर आहे, अशी सक्त ताकीद मिळाली. ताकीद ऐकताना टिपणिसांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटेना. ताकीद बरोबर होती, शब्द न् शब्द बरोबर होता. पण त्या दिवशी ओटीवर, केळ्यांचा घड समोर असताना, नेमकं कोणतं वाक्य बोलायचं होतं, ते त्या निकालातही कुठे लिहिलेलं नव्हतं.

आपल्या घराच्या मागचा गोठा रिकामाच आहे, तो शिंद्यांना गिरणीसाठी द्यावा, असं त्यांच्या मनात चौकशी चालू असतानाच आलं होतं. पंतांनी तेव्हा थांबवलं, लोक म्हणतील तक्रार मागे घ्यायला लाच दिली. निकालानंतर ते दौलतरावांकडे गोठ्याचं बोलायला गेले, तोवर दौलतरावांनी बदलापूर स्टेशनजवळ एक पत्र्याची शेड मिळवून इंजिन बसवलंही होतं. “राहू द्या,” ते म्हणाले, रागाने नाही, पण बसा असंही म्हणाले नाहीत. ती गिरणी दोन-अडीच वर्षं चालली. मग शेजारी विजेवरची गिरणी आली आणि दौलतराव शहाडला एका कारखान्यात पुन्हा फिटर म्हणून लागले, नव्याने, खालच्या पायरीवर.

तोलारामच्या खोल्या त्याच्या नावे झाल्या. गंमत म्हणावी की काय म्हणावं, त्याच बराकीत चार दारं सोडून एका सिंधी बाईच्या खोलीत एक मराठी शिंपी दुकान मांडून होता. तिच्याही खोल्या तिच्या नावे झाल्या, आणि शिंप्याबद्दल कुणी ब्रही काढला नाही. चौकशीला माणूस आला होता का, त्याने दुर्लक्ष केलं, की अर्ज अडतो हे मुळातच खोटं होतं, ते कुणाला कधी कळलं नाही. तोलारामने एकदा ते टिपणिसांना सांगितलं.

त्यानंतर टिपणिसांच्या ओटीवरची रीत बदलली. दोन माणसं एकत्र आली की ते आधी विचारत, “मी तुमच्यापैकी कोणाचा?” चामटोलीचे हिरामण आणि धर्मराज, सख्खे भाऊ, वाटणीचा कागद करायला आले, तर त्यांनी धर्मराजाला सांगितलं, की तुम्ही कल्याणला दुसरा वकील बघा. “आमच्यात भांडाण हाय का?” धर्मराज चिडला. “वकीलच भांडाण लावतोय!” दोघेही उठून गेले. ओटीवरची गर्दी ओसरली. चहाच्या कपबश्या आता दोनच लागत. कुमुदिनीबाई म्हणाल्या, “पूर्वी बरं होतं. माणसं यायची.” टिपणीस म्हणाले, “हो, बरं होतं,” आणि मग, “नव्हतंही,” असंही म्हणाले.

अठ्ठावन्न साली महाशिवरात्रीला ते दोघे अंबरनाथच्या देवळाच्या जत्रेला गेले होते. रसवंतीच्या मांडवापाशी दौलतराव समोर आले. गोठ्याचं बोलणं झालं त्यानंतर दोघांची गाठ पडली नव्हती. टिपणीस बाजूला व्हावं की काय अशा विचारात असतानाच दौलतरावांनी रसवाल्याला तीन ग्लास भरायला सांगितले, एक टिपणिसांच्या हातात दिला, एक कुमुदिनीबाईंच्या.

“मुलगी यंदा सातवीला आहे,” ते म्हणाले. “पुढे शिकवू म्हणतो.”

“शिकवा. जरूर शिकवा,” टिपणीस म्हणाले. हे वाक्य मात्र त्यांनी दोनदा, स्पष्ट म्हटलं.

दौलतरावांनी रस संपवला, तोंड पुसलं आणि “येतो” म्हणून गर्दीत मिसळले. माफ केलं होतं, की विसरले होते, की नुसतीच जत्रा होती म्हणून माणुसकी, याचा विचार करत टिपणीस त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

“काय म्हणाले हो?” कुमुदिनीबाईंनी विचारलं. ढोलांच्या आवाजात त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं.

“मुलगी सातवीला आहे म्हणाले.”

“आणि?”

“आणि काही नाही. रस पाजला,” टिपणीस म्हणाले, आणि दोघे देवळाच्या रांगेकडे चालू लागले.